गुठळी निघाली, पण रुग्ण सावरला का?

मेंदूला रक्त पुरवणाऱ्या धमनीत गुठळी अडकली की पुढच्या भागाचा प्राणवायू तुटतो. तोंड वाकडे होते, हात गळून पडतो, वाचा जाते. यावर सरळ उपाय सुचतो : गुठळी काढून टाकावी. नळात कचरा अडकला तर आपण तेच करतो. परंतु हा उपाय उपयोगी आहे हे सिद्ध होण्यास सुमारे वीस वर्षे लागली. ती का लागली, हे पाहू या.

शिरेतून गुठळी विरघळवणारे औषध ३ तासांच्या आत दिल्यास लाभ होतो, हे १९९५ साली अमेरिकेत दिसून आले. पण मोठ्या धमनीतील गुठळी त्याला सहसा दाद देत नाही. म्हणून जांघेतील धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन औषध थेट गुठळीत सोडून पाहिले गेले. १९९९ च्या 'प्रोॲक्ट-२' चाचणीत १८० रुग्ण होते. तीन महिन्यांनी स्वावलंबी झालेल्यांचे प्रमाण उपचार-गटात ४० टक्के, तर तुलना-गटात २५ टक्के होते. मात्र प्रकृती बिघडवणारा मेंदूतील रक्तस्रावही २ वरून १० टक्क्यांवर गेला. लाभ होता, तशी त्याची किंमतही होती.

२००४ साली 'मर्सी' या मळसूत्री तारेला अमेरिकेत परवानगी मिळाली. तिने गुठळी बाहेर ओढता येई. पण आधार एवढाच होता, की धमनी उघडते. धमनी उघडणे आणि माणूस सावरणे या गोष्टी एक नव्हेत. पीक करपून गेल्यावर पाटाला पाणी सोडून काय उपयोग?

२०१३ मध्ये तीन चाचण्यांचे निष्कर्ष आले आणि सर्वांची निराशा झाली. त्यांपैकी 'आयएमएस-३' मध्ये स्वावलंबी रुग्ण ४०.८ विरुद्ध ३८.७ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच. मग उपायच चुकीचा होता का? नीट पाहता कळले, की मोठी धमनी खरोखर बंद आहे याची खात्री अनेक रुग्णांत आधी केलेलीच नव्हती. साधने बहुतांशी जुनी होती, वेळही बराच गेला होता.

नेदरलँड्समधील ५०० रुग्णांच्या 'एमआर क्लीन' चाचणीत आधी चित्रण करून अडथळा पक्का केला गेला आणि बहुतेकांसाठी नवी, जाळीदार साधने वापरली गेली. २०१५ च्या आरंभी प्रसिद्ध झालेला निष्कर्ष : ३२.६ विरुद्ध १९.१ टक्के. रक्तस्राव व मृत्यू यांत लक्षणीय वाढ नव्हती. परंतु मेंदूच्या दुसऱ्या भागात नवा झटका येण्याचे प्रमाण ०.४ वरून ५.६ टक्क्यांवर गेले, हेही अहवालात नोंदवले आहे. पुढे अशा पाच चाचण्यांतील १,२८७ रुग्णांचा एकत्र हिशेब २०१६ मध्ये मांडला गेला. त्यात स्वावलंबी रुग्ण ४६ विरुद्ध २६.५ टक्के भरले. २०१८ मध्ये तर निवडक रुग्णांना २४ तासांपर्यंतही लाभ होतो असे दिसले. तरीही दवाखान्यात लवकर पोहोचणे हेच श्रेयस्कर.

या इतिहासातून आपण काय घ्यावे? २०१३ च्या चाचण्या वाया गेल्या नाहीत; प्रश्न कसा विचारावा, हे त्यांनी शिकवले. वर्गात एखादा प्रयोग फसला, तर वही मिटण्यापूर्वी आपणही विचारू या : उत्तर चुकले, की प्रश्न?