दिसत का नाही?

श्रोतेहो, आपल्या पिपरी मेघेहून गिरडच्या टेकडीवर शेख फरीदबाबांच्या दर्ग्याला हिंदूही जातात, मुसलमानही जातात. तिथे एखादे पोर विचारते, "देव आहे, तर दिसत का नाही?" हाच प्रश्न इस्लामी पंडितांनाही पडला होता.

कुराणात ईश्वराला 'जाहिर' आणि 'बातिन', म्हणजे प्रकट आणि गुप्त, अशी दोन्ही नावे आहेत. मुअतझिला पंथाचे तर्कवादी म्हणाले, ज्याला देह नाही, तो परलोकीही डोळ्यांना दिसायचा नाही. अशअरी पंडित म्हणाले, परलोकी दिसेल. कसा, ते मात्र विचारू नये. इमाम गझाली (मृत्यू ११११) यांनी वटवाघळाचा दाखला दिला. त्याला दिवसा दिसत नाही, हा दोष सूर्याचा नव्हे. त्याचे डोळेच तेवढ्या उजेडाला अपुरे पडतात. ईश्वर झाकलेला आहे तो अति प्रकाशाने!

सतराव्या शतकात श्रीगोंद्याचे मुसलमान संतकवी शेख महंमद यांनी मराठीत 'योगसंग्राम' रचला. त्यातली लढाई परक्या शत्रूशी नाही, स्वतःच्या अहंकाराशी आणि विकारांशी आहे. म्हणजे पडदा आहे तो आपल्याच बाजूला.

तेव्हा गुरुजी, त्या पोराला "गप्प बस" म्हणू नका. त्याने विचारले ते मोठमोठ्यांनी विचारले आहे.