खडे मीठ, कल्हई आणि आयर्लंडचा डबा



मटण घरी आले की आई ते अर्धा तास पाण्यात भिजत ठेवी. मग खडे मीठ चोळून तासभर उतरत्या फळीवर निथळू देई आणि तीन पाण्यांनी धुऊन मगच चुलीवर चढवी. ते मीठ रक्त काढण्यासाठी होते, पण मीठ अन्न टिकवतेही, हे लोणची घालणाऱ्या आणि मासे खारवणाऱ्या कोकणाला कोणी शिकवावे लागले नाही. याच खड्या मिठावर दूर आयर्लंडमधले एक शहर श्रीमंत झाले.

त्याचे नाव कॉर्क. सतराव्या शतकात इंग्लंडने कायदा करून आयर्लंडची जिवंत गुरे आपल्याकडे आणण्यास बंदी केली. तेव्हा आयरिश व्यापारी मांस खारवून लाकडी पिंपांतून जहाजांवर चढवू लागले. ‘कॉर्न्ड बीफ’ या नावातला कॉर्न म्हणजे मका नव्हे, मिठाचे जाड खडे. खलाशांचे पोट या पिंपांवर भरे, पण महिनोन्‌महिने खारे मांस खाऊन माणसे कंटाळत आणि आजारीही पडत.

यावर पहिला तोडगा काढला निकोला आपेर या फ्रेंच हलवायाने. काचेच्या बरणीत अन्न भरायचे, बूच घट्ट बसवायचे आणि बरणी उकळत्या पाण्यात ठेवायची. 1810 मध्ये फ्रेंच सरकारने त्याला 12,000 फ्रँकचे बक्षीस दिले. अन्न का टिकते, हे मात्र त्यालाही माहीत नव्हते. सूक्ष्म जंतूंचा उलगडा लुई पाश्चरने पुढे पन्नास वर्षांनी केला. त्याच 1810 साली लंडनमध्ये पीटर ड्युरँडने कथिलाचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याच्या डब्याचे पेटंट घेतले. आपला कल्हईवाला पितळेच्या पातेल्याला जे कथील लावी, तेच हे. ब्रायन डॉन्किन आणि त्याच्या भागीदारांनी लंडनमध्ये असे डबे बनवायला सुरुवात केली. डबे हाताने झाळून बंद करीत आणि छिन्नी-हातोड्याने फोडीत. ते उघडण्याचे खास हत्यार निघायला चाळीसहून अधिक वर्षे लागली!

डॉन्किनचा एक भागीदार जॉन गॅम्बल. त्याने 1830 मध्ये कॉर्कला डब्यांचा कारखाना काढला. गुरे तिथेच, बंदर तिथेच. पिंपांच्या शहरात अशा रीतीने डबा आला.

मग 1845 साल उजाडले. त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या. मे महिन्यात जॉन फ्रँकलिनची दोन जहाजे हजारो डबे घेऊन उत्तर ध्रुवाकडे निघाली. त्यांतील ‘टेरर’ या जहाजाचा कप्तान फ्रान्सिस क्रोझियर आयर्लंडमधल्या बॅनब्रिजचा होता. आणि शरद ऋतूत आयर्लंडच्या बटाट्यावर रोग पडला.

जहाजांवरचे 129 जण परतलेच नाहीत. त्यांच्या मरणाला डबेच कारण झाले की काय, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. पण त्यांचे डबे पुरवणाऱ्या स्टीफन गोल्डनरचा इतर माल 1852 मध्ये आरमाराने उघडून पाहिला, तेव्हा बहुतेक डबे सडलेले निघाले. डबे मोठे होते. आच मधल्या मांसापर्यंत पोहोचलीच नव्हती. बाहेरून सगळे ठाकठीक दिसत होते. फ्रँकलिनच्या माणसांची अखेरची चिठ्ठी 1859 मध्ये ज्या मोहिमेच्या हाती लागली, तिचा प्रमुख मॅक्लिंटॉकही आयरिशच, डंडॉक गावचा.

इकडे आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि रोगाने मेली, तितकीच देश सोडून गेली. त्याच वर्षांत तिथल्या बंदरांतून धान्य, लोणी, गुरे बाहेर जातच होती. अन्न टिकवायची विद्या त्या देशात होती, टिकवलेले अन्न विकत घ्यायला गरिबाकडे पैसा नव्हता. डबा अन्न राखतो, ते कोणाच्या ताटात पडेल हे तो ठरवत नाही.

देश सोडलेले पुष्कळ आयरिश न्यूयॉर्कला पोहोचले. तिथे त्यांनी खारवलेले मांस आपल्या यहुदी खाटिकांच्या दुकानांतून घेतले आणि कॉर्न्ड बीफ त्यांच्या सणाचे जेवण झाले, असे सांगतात. आयर्लंडशी आपले नाते एवढ्यावरच संपत नाही. तिथले मुख्य रब्बी आयझॅक हेर्झोग पुढे एरेत्स इस्राएलला आले आणि येथील मुख्य रब्बी झाले. बेलफास्टला जन्मलेले त्यांचे पुत्र खैम पुढे आपले राष्ट्राध्यक्ष झाले. आणि दुसऱ्या महायुद्धानंतर, युरोपात जे आपले बांधव वाचले, त्यांच्यासाठी आयर्लंडमधून काशेर मांसाचे डबे गेले. छळछावणीतून सुटलेल्या माणसाला बंद डबा उघडताना एवढे तरी ठाऊक असे, की आत काय आहे याची कोणीतरी जबाबदारी घेतली आहे.

आम्ही इस्राएलला आलो तेव्हा त्सेनाचे दिवस होते, सगळे रेशनवर. वडील डबा हातात घेऊन आधी काशेरचा शिक्का वाचीत, मगच फोडायला देत. आम्हा मुलांना भूक लागलेली असे, त्यांचे वाचन संपता संपत नसे. रिकाम्या डब्यात आई कोथिंबीर लावी. आज वाटते, न दिसणाऱ्या अन्नावर विश्वास ठेवायचा, तर शिक्का मारणारा हात प्रामाणिक हवा. वडील तो हातच तपासत होते.