मारहाण, मेहर आणि १९३९ चा कायदा

आपल्याकडे एक वाक्य सर्रास ऐकू येते: मुस्लीम बाईला नवऱ्याला सोडता येत नाही, सोडतो तो नवराच. बाहेरचे लोक हे टीका म्हणून बोलतात, आपल्यातले काही जण शरियत म्हणून. दोघांनाही १९३९ चा मुस्लीम विवाहविच्छेद कायदा माहीत नसतो.

त्याआधीची परिस्थिती समजून घ्यायला हवी. हिंदुस्थानातले बहुसंख्य मुसलमान हनफी. इंग्रजांच्या कोर्टांत हनफी फिकहचा जो अर्थ चाले, त्यात नवरा मारतो, उपाशी ठेवतो किंवा परागंदा झाला म्हणून बाईला निकाहातून सुटका मिळणे जवळजवळ अशक्य होते. बेपत्ता नवऱ्याच्या बाबतीत तर त्याच्या वयाची माणसे मरेपर्यंत थांबावे, असे जुने मत. काही फकीहांनी ही मर्यादा नव्वद वर्षांपर्यंत नेली होती! मग पंजाबातल्या काही बायकांनी एक भयंकर वाट शोधली. इस्लाम सोडल्याचे जाहीर करायचे, म्हणजे निकाह आपोआप तुटतो. इक्बालांनीही आपल्या इंग्रजी व्याख्यानांत याचा उल्लेख केला आहे. या बायकांना ख्रिस्ती धर्माची ओढ लागली होती असे समजण्याचे कारण नाही. घरातून निघायला दुसरे दारच नव्हते.

हे ओळखले ते थानाभवनच्या मौलाना अशरफ अली थानवींनी. ‘बहिश्ती जेवर’ लिहिणारे हे गृहस्थ काही सुधारक म्हणून ओळखले जात नाहीत. पण मदीनेच्या मालिकी उलेमांकडून फतवे मागवून त्यांनी १९३१ मध्ये ‘अल-हीलतुन नाजिज़ा’ प्रसिद्ध केले. सार असे की, अडचणीच्या प्रसंगी हनफींनी मालिकी मताचा आधार घ्यावा. मालिकी फिकहमध्ये नवऱ्याकडून होणारा त्रास हे काझीने निकाह रद्द करण्याचे, म्हणजे फस्खचे, कारण आहे. बेपत्ता नवऱ्यासाठीची मुदत चार वर्षे. (कोकणातले आपले लोक शाफई. त्यांच्या फिकहमध्ये नवरा खर्च देऊ शकत नसेल तर फस्खची सोय आधीपासून होती.)

याच आधारावर काझी मुहम्मद अहमद काज़मी यांनी १९३६ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक आणले आणि मार्च १९३९ मध्ये कायदा झाला. त्यातली चार वर्षांची अट थेट मालिकी फिकहमधून आलेली. दोन वर्षे पोटगी न देणे, सात वर्षांची कैद वगैरे कारणेही आहेत. मला महत्त्वाचे वाटते ते क्रूरतेचे कलम. नवरा वारंवार मारहाण करतो, किंवा अंगाला हात न लावताही वागणुकीने तिचे जगणे असह्य करतो. तिला अनैतिक मार्गाला लावू पाहतो. तिची मालमत्ता विकून टाकतो. तिच्या इबादतीत अडथळा आणतो. एकाहून जास्त बायका असताना कुराणाप्रमाणे समान वागवत नाही. यांतले एक कारण पुरे. मानसिक छळ १९३९ मध्ये कायद्यात लिहिला गेला! १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात क्रूरतेवरून फक्त न्यायिक फारकत मिळे, घटस्फोट १९७६ च्या दुरुस्तीनंतर.

या कलमाला परकी कल्पना म्हणणाऱ्यांनी अबू दाऊदमधली हबीबा बिन्त सहल यांची हदीस वाचावी. पतीने मारून हाड मोडले म्हणून त्या फजरनंतर प्रेषितांकडे (स.) आल्या आणि दोघांना वेगळे करण्यात आले.

उलेमांना मात्र जे हवे होते ते सगळे मिळाले नाही. खटला मुस्लीम न्यायाधीशापुढेच चालावा, हे मूळ विधेयकातले कलम गाळले गेले. त्यामुळे काही मौलवी आजही कोर्टाचा निकाल फस्ख मानत नाहीत. त्यांचा फिकही आक्षेप मला समजतो. पण ती अट राहिली असती तर तालुक्याच्या कोर्टात मुस्लीम न्यायाधीश यायची वाट बघत किती बायका बसल्या असत्या, हेही दिसते.

आपल्या मराठवाड्याला हा कायदा उशिरा लागू झाला. १९३९ मध्ये तो निजामाच्या राज्यात होता. १९५९ च्या विस्तार कायद्यानंतर, १९६० मध्ये तो तिथे आला.

मागे एका विद्यार्थिनीची आई भेटायला आली होती. गालावर वळ होता. जमातीतल्या वडीलधाऱ्यांनी तिला सांगितले होते, खुला घे, मेहर सोडून दे, विषय संपव. खुल्यात बहुधा असेच होते, बाई काही सोडून सुटका घेते. मी तिला म्हटले, “आपा, मार तुम्ही खाल्ला आणि मेहरही तुम्हीच सोडायचा?” १९३९ च्या कायद्याचे पाचवे कलम स्पष्ट सांगते की, या कायद्याने निकाह तुटला तरी मेहरवरचा हक्क जात नाही. पोलिसांकडे छळाची फिर्याद आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली राहत्या घराचे संरक्षण, हे मार्ग वेगळे. ते सर्व धर्मांच्या बायकांना आहेत आणि एकाने दुसरा बंद होत नाही.

तिने कलमाचा आकडा वहीच्या पानावर लिहून मागितला. मी उर्दूत आणि मराठीत, दोन्हीत लिहून दिला, कारण वकील मराठी वाचणार होता आणि तिचे अब्बा उर्दू.