श्रेयाचा धनी

ज्या विदुषीला वयाच्या विसाव्या वर्षी कलकत्त्याच्या पंडितांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या देऊन गौरविले, जिने 1882 साली पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी हंटर कमिशनपुढे स्त्रीशिक्षणाची कैफियत निर्भयपणे मांडली, तिने आयुष्याच्या उत्तरार्धात आपल्या कार्याचे श्रेय सर्वस्वी परमेश्वराकडे जमा करावे, ही महाराष्ट्राच्या ख्रिस्ती सेवेच्या इतिहासातील मोठी मननीय घटना होय.

या विदुषीने, म्हणजे पंडिता रमाबाईंनी, 11 मार्च 1889 रोजी मुंबईत विधवांसाठी शारदासदन हे निवासी विद्यालय उघडले, तेव्हा त्याच्या खर्चाची तजवीज बोस्टन येथील रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांच्या मुदतीने केलेली होती. सदन पुण्यास आले, त्याच्यावरून वादही माजले. परंतु द्रव्याची विवंचना नव्हती. याच काळात त्यांच्या वाचनात ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरांचे चरित्र आले. हजारो अनाथ मुलांचा सांभाळ करणाऱ्या या सत्पुरुषाने कोणाही मनुष्यापुढे हात पसरला नाही. गरज प्रार्थनेत सांगावी, आलेल्या पैचा चोख हिशेब छापावा आणि देणाऱ्याचे नाव मात्र प्रकट करू नये, अशी त्यांची वहिवाट होती. या वहिवाटीमुळे मागणाऱ्याच्या कर्तबगारीला आणि देणाऱ्याच्या औदार्याला मिरवावयास जागाच उरत नसे. असे कार्य हिंदुस्थानात कोणी का करू नये, हा प्रश्न रमाबाईंच्या मनात तेव्हापासून घर करून बसला.

त्या प्रश्नाचे उत्तर दुष्काळाने मागितले. 1896-97 साली मध्यप्रांतात अन्नान्नदशा झालेल्या मुलींची वार्ता कानी येताच, स्वतः तरुणपणी दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गमावलेल्या रमाबाई तेथे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांनी आणविल्या. पुण्याजवळील केडगावची जमीन त्यांनी पूर्वीच शेतीबागायतीसाठी घेऊन ठेवली होती; तीच या निराश्रितांचे माहेर झाली. अमेरिकेच्या साहाय्याची मुदत 1898 साली संपत आली, त्याच सुमारास केडगावी मुक्तिसदन हा त्यांचा आश्रम उभा राहिला. पुढे गुजराथच्या दुष्काळाने 1900 च्या सुमारास तेथील आश्रितांची संख्या दोन हजारांच्या घरात नेली. शेती, विणकाम, दुग्धालय, छापखाना, अंधांसाठी बार्तीमय सदन, असा हा अवाढव्य कारभार चालविणाऱ्या बाईंनी त्याचा विस्तार आपल्या बुद्धीचा विलास म्हणून कधी सांगितला नाही. 1907 साली आपली साक्ष लिहिताना त्यांनी नायकत्व देवाकडे दिले आणि स्वतःकडे केवळ सेवकपण ठेवले.

मात्र ही नम्रता म्हणजे लाचारी नव्हे, हे विसरता कामा नये. इंग्लंडमधील वाँटेज येथे, जेथे 1883 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, तेथील भगिनीसंघातील गुरुस्थानीय स्त्रीशी त्यांनी धर्माधिकाराच्या प्रश्नावर पत्रांतून परखड वाद घातला आणि आपली सदसद्विवेकबुद्धी कोणाच्याही आज्ञेस गहाण टाकण्याचे नाकारले. ज्याने आपले सर्वस्व परमेश्वराचे मानले, त्याला मनुष्याच्या स्तुतीची हाव राहत नाही आणि निंदेचे भयही राहत नाही. रमाबाईंचा हा ताठ कणा त्यांच्या विनयातूनच आला होता.

त्यांच्या अखेरच्या वर्षांतील श्रमही याच वृत्तीचे द्योतक आहेत. सामान्य स्त्रियांना कळावे म्हणून मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्याचे काम त्या वर्षानुवर्षे करीत राहिल्या. 1921 साली एकुलती कन्या मनोरमा निवर्तली, तरी हाती घेतलेले काम त्यांनी सोडले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचे देहावसान झाले. मुक्तिसदनाच्याच छापखान्यात ते बायबल छापून 1924 साली बाहेर पडले, ते पाहावयास त्या उरल्या नव्हत्या. सेवेच्या क्षेत्रात नावाच्या पाट्या आणि सत्कारांचे समारंभ यांचा सुकाळ झालेल्या काळात, संस्था चालविणाऱ्या प्रत्येकाने केडगावचा हा जमाखर्च एकदा मन लावून वाचावा: तेथे श्रमाची बाजू रमाबाईंच्या नावे भरगच्च आहे आणि श्रेयाची बाजू त्यांनी जाणूनबुजून कोरी ठेविली आहे.