आजारी डोळ्यांसाठी घडलेली लेन्स

१८८७ साली जर्मनीतल्या वीसबाडेनला, काचेचे कृत्रिम डोळे घडवणाऱ्या म्युलर घराण्याकडे एक रुग्ण आला. कर्करोगात त्याची पापणी गेली होती आणि उघडा पडलेला डोळा वाळत चालला होता. म्युलरांनी त्या डोळ्यावर बसेल अशी पातळ काचेची वाटी फुंकून दिली. ती त्याने सुमारे २० वर्षं वापरली आणि नजर शाबूत राहिली. मोठ्या व्यासाच्या कडक लेन्सचा, म्हणजे आजच्या स्क्लेरल लेन्सचा इतिहास असा आजारी डोळ्यापासून सुरू होतो. चष्मा टाळण्याची हौस नंतरची.

पुढच्याच वर्षी झुरिकच्या अडॉल्फ फिक यांनी आपल्या काचेच्या लेन्सवर निबंध छापला. प्रयोग आधी सशांवर, मग स्वतःवर, मग रुग्णांवर. लेन्स आणि डोळा यांच्यामधली पोकळी ते द्राक्षशर्करेच्या पाण्याने भरत. ती लेन्स तास-दोन तासच सोसवे. त्याच सुमारास पॅरिसमध्ये युजीन काल्त केरॅटोकोनसवर, म्हणजे पारपटल (कॉर्निया) शंकूसारखं पुढे येण्याच्या विकारावर, असाच उपाय करून पाहत होते. पुढे बुडापेस्टच्या जोसेफ डॅलॉस यांनी जिवंत डोळ्याचे साचे घेऊन काच घडवली आणि लेन्स रुग्णागणिक वेगळी होऊ लागली. या इतिहासातलं खरं वळण हेच.

काचेनंतर प्लास्टिक आलं, वजन घटलं, पण त्यातूनही प्राणवायू जात नव्हता. १९४८ मध्ये केव्हिन टुओही यांची फक्त पारपटलावर बसणारी छोटी लेन्स आली, नंतर मऊ लेन्स आल्या आणि मोठी लेन्स मागे पडली. १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या डॉन इझिकिएल यांनी प्राणवायू जाऊ देणाऱ्या प्लास्टिकची स्क्लेरल लेन्स मांडली, तेव्हा ती परतली. बोस्टनच्या पेरी रोझेंथल यांच्या लेन्सला १९९४ मध्ये अमेरिकेत सरकारी मान्यता मिळाली. हीच लेन्स हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत आली आणि तिथल्या डॉक्टरांनी २०११ मध्ये भारतीय रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. वऱ्हाडाला हैदराबाद परकं नाही. १८५३ पर्यंत इथला कारभार निजामाचाच होता, आणि अकोल्याहून पूर्णामार्गे हैदराबादेतल्या काचीगुड्याला थेट गाडी जाते.

या लेन्सचे गरजूही विदर्भात आहेत. नागपूरजवळच्या खेड्यांत झालेल्या ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’त साडेचार हजारांवर प्रौढांचे डोळे तपासले, तेव्हा शंभरात दोघांहून अधिकांचं पारपटल केरॅटोकोनस म्हणावं इतकं बाकदार निघालं. अकोल्याच्या उन्हाळ्यात, धुरळ्यात, ॲलर्जीने डोळे चोळणाऱ्या पोरांकडे म्हणूनच दुर्लक्ष नको. चोळण्याचा या विकाराशी संबंध आहे. तंबाखूच्या चुन्याची पुडी पोराच्या हातात फुटली की चुना थेट डोळ्यात उडतो आणि डोळा भाजतो. (अशा वेळी डॉक्टर गाठण्याआधी डोळा भरपूर पाण्याने धुवायचा.) औषधाची तीव्र रिॲक्शन येऊन डोळे कोरडे ठणठणीत पडलेले रुग्ण वेगळेच. आणि कुष्ठरुग्णही आहेत, ज्यांच्यासाठी दाजीसाहेब पटवर्धनांनी १९४६ मध्ये अमरावतीत तपोवन उभं केलं. कुष्ठरोगात चेहऱ्याची नस निकामी झाली की पापणी मिटत नाही. वीसबाडेनच्या रुग्णाचंच दुखणं ते.

या सगळ्यांना एक माप चालत नाही. केरॅटोकोनस बेताचा असेल तर आधी छोटी कडक लेन्स पाहतात. शंकू फार उंच झाला, लेन्स निसटू किंवा घासू लागली, की स्क्लेरल. ती पारपटलाला न टेकता डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते. डोळा लहान किंवा खोल असेल तर १५-१६ मिलिमीटरची बरी. कोरड्या, भाजलेल्या डोळ्याला १८च्या पुढची, कारण तिच्याखाली पाणी जास्त राहतं. पारपटल बदललेल्या रुग्णात लेन्सखालची पोकळी फार खोल ठेवत नाहीत, प्राणवायू कमी पडतो. कुष्ठरुग्णाचा डोळा बधिर असू शकतो, जखम झाली तरी कळत नाही. त्याला लेन्स दिली तर वरचेवर तपासणी हवीच.

लेन्स घालणंही शिकावं लागतं. रबरी दांडीवर ठेवून ती सलाईनने काठोकाठ भरायची, मान खाली घालून चेहरा जमिनीला समांतर करायचा आणि डोळा लेन्सवर टेकवायचा. बुडबुडा राहिला तर काढून पुन्हा. भरायचं ते सीलबंद, निर्जंतुक, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं सलाईनच. नळाचं, बोअरचं पाणी कधीच नाही. खारपाण (खाऱ्या पाण्याच्या) पट्ट्यातल्या घरांनी तर हे पक्कं ध्यानात ठेवावं.

ही लेन्स नजर देते, केरॅटोकोनस थांबवत नाही; रोग वाढत असेल तर त्यावरचा उपचार वेगळा करावाच लागतो. आणि पारपटल बदलण्याचा सल्ला मिळाला, तर शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी आपल्या डोळ्यावर स्क्लेरल लेन्सची ट्रायल करता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.