रडायचं कुणासाठी?

१९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने हिंदी ‘देवदास’ काढला. दिग्दर्शक प्रमथेश बरुआ, नायक सैगल. कॅमेऱ्यामागे होते बिमल रॉय. वीस वर्षांनी याच रॉयबाबूंनी दिलीपकुमारला घेऊन तो पुन्हा केला. आपण आजही हळहळतो ते देवदाससाठीच! मला मात्र पारोचं नवल वाटतं. अब्रू पणाला लावून मध्यरात्री त्याच्या खोलीत जाते ती. कच खातो तो. आणि चंद्रमुखी? त्या भूमिकेसाठी वैजयंतीमालांना फिल्मफेअरचा सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार जाहीर झाला. चंद्रमुखी पारोच्या तोडीची नायिका आहे, सहायक नव्हे, असं म्हणत त्यांनी तो सरळ नाकारला.