हिरवळीमागचा धूर

मराठीत ‘हिरवळ’ हा शब्द पावसाच्या सोबतीने येतो. पहिल्या सरींनंतर माळावर जे आपसूक उगवते ती हिरवळ. पुढे तिचे गवत कापले जाते ते गुरांच्या वैरणीसाठी. ‘लॉन’ला आपण सर्रास हाच शब्द लावतो, तेव्हा एक महत्त्वाचा भेद नजरेआड होतो. लॉन मुद्दाम राखावी लागते आणि तिचे कापलेले गवत कोणाच्याच तोंडी लागत नाही. थॉर्स्टीन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने ‘द थिअरी ऑफ द लीझर क्लास’ (१८९९) या ग्रंथात नेमके यावर बोट ठेवले होते. लॉन हे मुळात चराऊ कुरणच. पण त्यावर गाय सोडली तर ते उपयोगाचे, आणि म्हणून हलके, दिसू लागते. गाय गेली की तिचे काम कोणीतरी करणे आले. बागकामाच्या पेट्रोल-यंत्रांवरील बंदीचा इतिहास या ‘कोणीतरी’पासून वाचायला हवा, असे आम्हांला वाटते.

आरंभी हे काम लांब दांड्याच्या विळ्याने मजूर करीत. १८३० साली इंग्लंडमधील स्ट्राउडजवळच्या एडविन बडिंगने गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. गिरणीत लोकरी कापडावरची लव कातरून ते गुळगुळीत करणाऱ्या यंत्रावरून त्याला ही कल्पना सुचली होती. जमीन कापडासारखी एकसारखी दिसावी, ही अपेक्षा जणू या यंत्राबरोबरच आली. विसाव्या शतकात त्याला पेट्रोलचे इंजिन जोडले गेले आणि अमेरिकेच्या उपनगरांत घरापुढची लॉन ही प्रतिष्ठेची खूण ठरली.

या यंत्रांच्या धुराची कथा मात्र लॉस एंजेलिसमध्ये घडली, आणि तिला पार्श्वभूमी आहे. १९४३ च्या जुलैत त्या शहरावर इतके दाट धुरके उतरले की शत्रूने विषारी वायू सोडला असावा, अशी शंका लोकांना आली. पुढे आरी हागेन-स्मित या रसायनशास्त्रज्ञाने उलगडा केला: इंधनातील हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर ऊन पडले की ओझोन तयार होतो, आणि धुरक्याचे मूळ त्यातच आहे. मग दोष केवळ कारखान्यांच्या धुराड्यांवर टाकून भागेना. १९५७ मध्ये घरोघरच्या परसातील कचरा जाळण्याच्या भट्ट्यांवर बंदी आली. हवेच्या रक्षणासाठी कायदा कुंपणाच्या आत शिरू शकतो, हे तत्त्व तेव्हा रुजले.

त्याच कुंपणाच्या आत पुढे पाने उडवणारे यंत्र, म्हणजे लीफ ब्लोअर, आले. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात दुष्काळ पडला, पाण्याच्या झोताने अंगण-वाटा धुण्यावर निर्बंध आले आणि हे यंत्र झपाट्याने पसरले. पाणी वाचवण्याच्या नादात हवा बिघडली. याच दशकात कार्मेल आणि बेव्हर्ली हिल्स या श्रीमंत गावांनी त्यावर बंदीही घातली. पण तक्रार धुराची नव्हती, गोंगाटाची होती. घरातल्या माणसाच्या कानाला त्रास झाला, म्हणून कायदा झाला. ज्याच्या पाठीवर ते यंत्र होते, त्याच्या कानाचा आणि फुप्फुसाचा विचार त्यात जवळजवळ नव्हता.

हा माणूस कोण होता? लॉस एंजेलिसमध्ये पूर्वी तो बहुधा जपानी वंशाचा असे. दुसऱ्या महायुद्धात छावण्यांत डांबले गेलेले अनेक जण सुटल्यावर याच कामाकडे वळले. शतकाच्या अखेरीस त्यांची जागा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेल्यांनी घेतली. १९९८ मध्ये शहराने घरांपासून ५०० फुटांच्या आत पेट्रोलचे ब्लोअर वापरण्यावर बंदी लागू केली, तेव्हा या माळ्यांपैकी काहींनी जानेवारीत नगरभवनासमोर उपोषण केले. झाडू आणि दाताळ्याने तेच काम करायला कितीतरी अधिक वेळ लागणार. मजुरी मात्र तीच राहणार, हा त्यांचा मुद्दा होता. ‘स्वच्छ हवा हवी’ आणि ‘पोट भरले पाहिजे’ ही दोन रास्त म्हणणी येथे समोरासमोर उभी राहिली. बंदी टिकली, पण अंमलबजावणी ढिली राहिली.

धुराचा मुद्दा शास्त्रीयदृष्ट्या भक्कम होता, हेही तितकेच खरे. दोन-स्ट्रोक इंजिनात तेल आणि पेट्रोल एकत्र जाते आणि इंधनाचा मोठा अंश न जळताच बाहेर पडतो. मोटारींना १९७५ पासून धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसू लागले. या लहान इंजिनांकडे दुर्लक्ष झाले. कॅलिफोर्नियाच्या हवा-मंडळाने त्यांच्यासाठी पहिले नियम केले ते १९९० मध्ये. याच मंडळाच्या हिशेबानुसार व्यावसायिक ब्लोअर एक तास चालवला तर धुरके निर्माण करणारे जितके प्रदूषण होते, तितके २०१७ ची टोयोटा कॅमरी सुमारे ११०० मैल, म्हणजे लॉस एंजेलिसपासून डेन्व्हरपर्यंत, चालवल्यावर होते.

वॉशिंग्टन शहराने २०१८ मध्ये संमत केलेली बंदी २०२२ च्या आरंभी लागू झाली. कॅलिफोर्नियाने २०२१ च्या कायद्यानंतर वेगळी वाट धरली: २०२४ पासून तयार होणाऱ्या बहुतेक लहान इंजिनांना शून्य उत्सर्जनाची अट घातली आणि छोट्या व्यावसायिकांना विजेरीवरची यंत्रे घेण्यासाठी तीन कोटी डॉलर ठेवले. १९९८ च्या नियमाचा रोख यंत्र वापरणाऱ्यावर होता, नव्या नियमाचा बनवणाऱ्यावर आहे. हा पालट लहान नाही. उपोषणाला बसलेल्यांचे म्हणणे उशिरा का होईना, सरकारी हिशेबात आले, असा त्याचा अर्थ लावता येतो. अर्थात, दिवसभराच्या कामाला पुरतील इतक्या विजेऱ्यांचा खर्च अखेर माळ्याने सोसायचा की घरमालकाने, हा प्रश्न त्या मदतीने पुरता सुटत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २०१५ च्या दुष्काळात कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी पाच कोटी चौरस फूट लॉन काढून तेथे कमी पाण्याची झाडे लावण्याचे उद्दिष्ट ठरवले. पाण्याच्या टंचाईने लॉन हवीच कशाला, असा प्रश्न विचारला. धुराच्या प्रश्नाने मात्र ती कापायची कशाने, एवढेच विचारले. विजेरीच्या यंत्राने धूर थांबेल आणि माळ्याचा श्वास सुटेल, हे मोलाचेच आहे. पण ज्या हिरवळीवर गाय शोभत नाही, ती राखण्यासाठी माणसाने तिथे दर आठवड्याला राबावे, हा व्हेब्लेनने दाखवलेला पेच त्या यंत्राच्या आवाक्याबाहेरच राहतो.